पुरेसं

फेब्रुवारी. केनास्कट नदीवर दोन फूट बर्फ.
आर्लीन विलेट गिरमिटानं भोक पाडते,
बाटली सोडते, ओढून घेते,
झाकणावर तारीख लिहिते
पेन्सिलीनं, कारण शाई गोठते.
एकोणीस वर्षं हेच:
कागद गिरणीच्या वरच्या अंगाला एक बाटली,
खालच्या अंगाला तीन.

कायद्यात एवढंच होतं:
नदीचं पाणी पुरेसं स्वच्छ असावं.
ऑगस्टाच्या सभागृहात रात्री पावणेबाराला
कुणीतरी ‘पुरेसं’ सुचवलं.
गिरणीवाल्यांना आकडा नको होता,
मासेवाल्यांना आकडाच हवा होता,
आणि सगळ्यांना घरी जायचं होतं,
त्याआधी गाड्यांच्या काचा खरवडायच्या होत्या.
हात वर झाले. शब्द पुरला.
कुणाला पुरला, की कुठे पुरला,
ते त्या रात्री कुणी विचारलं नाही.

मग तो खात्याच्या दारात आला,
टाकून दिलेल्या पोरासारखा.
खात्यानं त्याला न्हाऊमाखू घातलं,
तीन वर्षं बाटल्या मोजल्या
आणि त्याच्या गळ्यात ताईत बांधला:
लिटरमागे इतका पारा, वर कणभरही नाही.
आता खरं सांगायचं तर
त्या साहेबांना कुणी निवडून दिलं नव्हतं.
दाराशी मत मागायला ते कधी आले नाहीत.
गिरणीच्या वकिलानं नेमकं हेच म्हटलं.

न्यायमूर्ती हॅडलॉक, चष्मा दोरीला बांधलेला,
निकाल बावन्न पानांचा.
पान एकतीस: शब्दाचा अर्थ लावणं आमचं काम.
पान बत्तीस: आकडा घालणं सभागृहाचं.
खातं एका तळटीपेत, बारीक टाइपात.
ताईत तोडला.
मी दोनदा वाचला. बाई कुठेच चुकत नाहीत.
पंचाईत तीच आहे.

सभागृह म्हणालं, पुढच्या अधिवेशनात बघू.
खात्यानं कोर्टाकडे बोट दाखवलं.
कोर्ट म्हणालं, आमच्यापुढे सध्या प्रकरण नाही.
तीन तिगाडा, काम बिगाडा म्हणतात;
पण सगळं एकाच्याच मुठीत गेलेले देशही
नकाशावर आहेत, आणि तिथे
नदीचं पाणी मोजणाऱ्या बाईला
रात्री दोन माणसं न्यायला येतात.
म्हणून मी तिघांचं भांडण ऐकून घेतो.
नदी ऐकते का, माहीत नाही.

बर्फावरच्या फळकुटाच्या खोपटातून
रॉयस पेल्की हाक मारतो.
बादलीत बोटभर लांबीचे चंदेरी मासे,
काही अजून उडताहेत.
‘खायला बरे ना?’
आर्लीनच्या वहीत आकडा आहे.
तो बरा की वाईट, हे म्हणायचा अधिकार
सध्या कुणाकडेच नाही.
ती विचारते, ‘घरी लहान कोण?’
तो हातमोजा काढून चार बोटं दाखवतो,
मग बादलीकडे बघतो,
मग हातमोजा घालायला बराच वेळ लावतो.

आर्लीन पाडलेलं भोक बुजवत नाही.
रात्रीतून ते आपोआप बुजतं.
उद्या त्याच जागी
पुन्हा गिरमिट.