तेरा नंबरचं पेव

पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा,
दोराला बांधून, हळूहळू, खालपर्यंत.
ज्योत टिकली तर माणूस उतरायचा.
विझली तर बसायचं काठावर तंबाखू मळत,
आतली जुनी हवा निघून जाईस्तोवर.
हे मला बापानं शिकवलं,
बापाला त्याच्या भावाच्या मरणानं.

मतदानाच्या आदल्या रात्री हरिपुरात चौघं आले.
सायकली संगमावर ठेवून, पायी.
तात्या मगदूम पुढं.
बेचाळीसला याच तात्याला आणि नेमगोंडाला
हळदीच्या पोत्यांखाली घालून
मी एकाच गाडीतनं नाक्यापार काढलं होतं.
एकाच्या खांद्यात गोळी,
दुसऱ्याचा हात त्याच्या तोंडावर, कण्हू नये म्हणून.

मग गोरा गेला, संस्थान गेलं,
आणि एका गाडीतली दोन माणसं
दोन पेट्यांमागं उभी राहिली.
नेमगोंडाकडं वही होती म्हणे:
लुटलेल्या खजिन्यातलं कुणाच्या घरात किती जिरलं.
पहाटे केंद्राबाहेर वाचणार होता.

"सिदू, तेरा नंबरचं उघड," तात्या म्हणाला.
"आपल्या बंदुका हाईत त्यात.
दोघं मिळून सरकारात जमा करू. मिटलं."
नेमगोंडा हसला. त्याला मिटायलाच हवं होतं.

मी माती उकरली, दगड सारला.
कंदील उचलला
तसा तात्यानं तो माझ्या हातातनं काढून घेतला,
पोराच्या हातातनं विळा घ्यावा तसा.
"वारा हाय. विझंल."

वारा नव्हता.

नेमगोंडानं धोतर खोचलं.
माझ्याकडं बघितलं, सवयीनं,
गाडीवानाकडं बघतात तसं.
दोर मीच धरला होता.
"थांबा" म्हणायला किती वेळ लागतो?

मग दोर हलका झाला.

सकाळी मी रांगेत. तो अजून खालीच.
मास्तरांनी शाईसाठी बोट धरलं.
जन्माची पिवळी बोटं माझी,
त्यात रात्रभर चुना मळलेला;
हळदीला चुना लागला की काय होतं
ते घरातल्या बाईला विचारा.
"रक्त रे?"
"न्हाई मास्तर. हळद."

आडोशात पेट्या. तोंडं बोटभर, आत अंधार.
मी वाकून बघत राहिलो.
"चल, पुढं हो," कुणीतरी ओरडलं.

वही दावणीखाली आहे.
सांजेलाच देऊन गेला होता, उद्यापर्यंत ठेव म्हणून.
मला अक्षर येत नाही.
थोरली पोर औंदा दुसरीत गेली.