खटका

एमेट स्कार भिंग डोळ्याला लावून बघतो
आणि म्हणतो, ‘हा एवढाच?’
एवढाच. मसुराच्या दाण्याएवढा,
पिस्तुलाच्या डाव्या कुशीला चिकटलेला.
वर असला की चाप मुका.
खाली केला की बोलायला मोकळा.

माझा अंगठा तीन वर्षांपूर्वी
ड्रायरच्या दारात सापडला,
तेव्हापासून पेराशी अडतो.
थंडीत तर तो माझा नसतोच,
आणि हॅवरमध्ये थंडी म्हणजे
ऑक्टोबर ते एप्रिल, मे महिन्यात थोडी उधारी.

एमेट दोन बोटं वर करतो.
एक : मोठी पट्टी बसवू, अंगठ्याला आपोआप सापडेल.
पण तुझ्या पिशवीत नाण्यांच्या सुरळ्या असतात, ग्रेटा,
पट्टी कशालाही अडकून खाली येईल
आणि तुला पत्ताही लागणार नाही.
दोन : काढूनच टाकू.
मग उरेल तुझं बोट आणि तुझी अक्कल.
हे तो हसत म्हणतो. मी हसत नाही.

माझा दीर वेंडेल दोन नंबरवाला.
‘अंगठा शोधत बसलीस तो क्षण त्याचा,’ म्हणतो.
त्याचा म्हणजे कोणाचा, ते सांगत नाही.
वेंडेलच्या बोलण्यात ‘तो’ नेहमी असतो,
उंच, टोपी खाली ओढलेला,
आणि नेहमी दाराच्या बाहेर.

फेब्रुवारीतली गोष्ट मी दोघांनाही सांगितलेली नाही.

रात्रीचे पावणेबारा. लाँड्रीचं मागचं दार.
कडी कोणीतरी हलवत होतं, चोरासारखं हळू नाही,
घाई लागल्यासारखं.
नऊ नंबरचं मशीन अजून फिरत होतं, रिकामंच.
पिस्तूल हातात कधी आलं आठवत नाही.
आठवतो तो अंगठा :
वरखाली, पुढेमागे, लोखंडावर आंधळा,
काळोखात किल्लीचं भोक चाचपावं तसा.
सापडेना.
शिवी हासडली मी, माझ्याच अंगठ्याला.
दार उघडलं.
टोपी खाली ओढलेली होती, वेंडेल म्हणतो तशीच.

‘मॅडम, ब्लँकेट राहिलं. अकरा नंबरच्या ड्रायरमध्ये.
धाकटी त्याच्याशिवाय झोपत नाही.’

उंच नव्हता. सोळा वर्षांचा असेल, नाक गळत होतं.
हात मी ॲप्रनमागे नेला.
त्याने पाहिलं का, अजून माहीत नाही.

आता हा हिशोब कसा मांडायचा?
अंगठा अडला म्हणून वाचलो आम्ही दोघं,
की अंगठा अडला, आणि केवळ नशिबाने
दारात ब्लँकेटवाला होता?
दुसरा कोणी असता तर
वेंडेलचं खरं झालं असतं
आणि ते कबूल करायला मी नसते.
रात्री मी दोन्ही बाजूंनी भांडते
आणि दोन्ही बाजूंनी हरते.
खटका म्हणतात ते काही उगीच नाही.
लोखंडात आहे तोवर चापाला धरून ठेवतो.
तिथून काढला तर जाणार कुठे?
मनात येऊन बसणार.

एमेट पावती लिहितो.
नाव : ग्रेटा लुंडीन. वस्तू : एक.
‘काय करायचं’ यापुढे त्याचं पेन थांबतं.
‘गुरुवारपर्यंत ठरव,’ म्हणतो,
‘कानस कुठे पळून जात नाही.
घासलेलं मात्र परत भरून येत नाही.’
घरी जाताना कंबर इतकी हलकी
की दोनदा थांबून पाहिलं, काय विसरले.

गुरुवार. दुपारी तोच मुलगा येतो,
खांद्यावर पोतं, बोटांत पाचाची नोट.
मी सुट्टे मोजते. वीस क्वार्टर,
दुखऱ्या अंगठ्याने एकेक सरकवत
त्याच्या तळहातावर.
गल्ल्यात, नोटांच्या खाली, पावती.
रकाना कोरा.
‘सावकाश,’ तो म्हणतो.
बाराव्या नाण्यावर माझं मोजणं चुकतं.
पुन्हा एकपासून.