वीस पावलं

मोजणीदार आहे तो, डेन्मार्कचा. टोर्किल.
जन्मभर साखळ्या टाकल्या, बांध ठरवले,
तीन पायांच्या दुर्बिणीतून परक्यांच्या जमिनी पाहिल्या.
झांबेझीकाठी उतरल्या उतरल्या
खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला:
शंभर मीटर, पाच भोकं,
पाचही एका बशीत मावतील.

चांगली आहे बशी, म्हटलं.
मग गोरखचिंचेच्या बुंध्याला
फ्रीजचं खोकं उलगडून टेकवलं,
कोळशानं त्यावर डोकं काढलं, खऱ्या मापाचं.
कानाचं भोक काढलं, कान नाहीत. पुठ्ठा पुरला नाही.
तिथून वीस पावलं मागं आलो,
माझी, गुडघा धरलेल्या माणसाची.
इथून मार.

तो हसला. इथून तर दगडसुद्धा लागेल.

लागेल.
पण डोळा आणि कानाच्या भोकामध्ये
पावाच्या लादीएवढी जागा आहे,
बाकी सगळं हाडाचं पोळं.
पोळ्यात गोळी गेली तर तो नुसती मान झटकतो
आणि तू कुठं उभा आहेस ते बघतो.
पुढचं अंतर तुला मोजायचं नसतं,
ते तो मोजतो.

आणि वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून नाही.
उभ्यानं. त्या वाळक्या ओढ्यापर्यंत पळत जा,
पळत ये, श्वास अजून खांद्यात असेल
तेव्हा मार.

दुपारी त्याची रायफल मी भरून दिली.
तीन काडतुसं, त्यातलं एक मुकं, बिनदारूचं.
कुठलं, ते सांगितलं नाही.
पहिली दोन गर्जली.
तिसऱ्याला नुसतं टक्,
आणि नळी जमिनीकडे झुकली,
कुणी रागावायच्या आतच मान खाली घालणाऱ्या पोरासारखी.
तो कानापर्यंत लाल झाला.
मी बोललो नाही काही,
कारण त्या टक्‌ला माझ्याही पापण्या मिटल्या होत्या.
एकतीस वर्षं पागी आहे मी,
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बंदुकांशेजारी उभा,
माझ्यात मुकं काडतूस
कुणी घालून पाहिलं नव्हतं.

रात्री विस्तवापाशी त्यानं वही काढली.
तुम्ही लोक अंतर कसं मोजता?

फांदी मोडल्याचं ऐकू आलं तर वेळ आहे, पाणी पिऊन घे.
ओली चादर झटकावी तसा कान वाजला तर बोलणं बंद.
पोटातली गुरगुर आली की राखेची पुरचुंडी हलव,
राख कुठं जाते बघ.
पापणीचे केस दिसले की वीस.
आणि त्याचा श्वास तुझ्या तोंडावर, गरम, चिघळलेल्या पाल्याचा...

त्यानं सगळं एकाखाली एक लिहिलं,
समोर मीटर.
शेवटच्या ओळीपुढे जागा तशीच राहिली.

सहाव्या दिवशी मोपानेच्या दाटीत
सतरा पावलांवर तो आडवा उभा.
उजवा सुळा तुटका. राख आमच्याकडे येत होती.
टोर्किलनं रायफल खांद्याला लावली.
मी तीन श्वास मोजले त्याचे, चौथा आला नाही.
मग नळी हळूच खाली आली
आणि आम्ही उलट्या पावलांनी, टाच आधी,
सतराचे सत्तर केले.

मध्ये फांदी होती, तो म्हणाला, मनगटाएवढी.
परवानेवाल्या साहेबानं माझ्याकडे पाहिलं: होती?
होती, म्हटलं मी.
असेलही.
माझे डोळे मिटलेले होते.

बिना-मुटिंटा मांसासाठी घमेलं घेऊन आली होती.
गेल्या महिन्यात त्याच तुटक्या सुळ्यानं
तिची ज्वारी मुळासकट नेली.
रिकामं घमेलं डोक्यावर ठेवून ती निघाली,
वळली, आणि ते खोकं मागितलं.

आता ते तिच्या खुराड्याची भिंत आहे.
सकाळी भोकाभोकांतून ऊन आत येतं,
कोंबड्यांच्या पाठीवर रुपये रुपये पडतात.
अकरा भोकं. लादीत दोनच.

काय काढलंयस रे हे, ती विचारते, मडकं?
हत्ती.
ती मान तिरकी करून बघते, अंडं हातात.
मग कान कुठायत?