इच्छारेषा

तिसऱ्या दिवशी टॅब उन्हाने बंद पडला
आणि मी कागदावर आले.
अँटॉप हिलचा नाका, रसवंतीची सावली,
गळ्यात ओळखपत्र, रोजचे सातशे, डबा आपापला.
प्रश्न पाचच :
कुठून निघालात, कुठे जाणार, कशासाठी,
आठवड्यातून किती वेळा,
आणि इथून हलकी रेल्वे गेली
तर तिकिटाचे किती द्याल.

हलकी म्हणजे? एका म्हाताऱ्याने विचारलं.
वजनाला, की खिशाला?
म्हटलं, दोन डब्यांची, रस्त्याच्या कडेने जाणारी.
म्हणजे ट्रामच की, तो म्हणाला.
होती की. तुम्हीच काढून टाकलीत.
मी तेव्हा जन्मलेही नव्हते,
तरी ओशाळले.

सिस्टर जॅसिंता, गोवंडी ते शिवडी, रात्रपाळी.
उद्देश नोकरी. आठवड्यातून सहा.
असे फॉर्म भरताना हात चालत राहतो.

केणीबाई माहुलगावच्या. टोपलीत निवट्या, अजून वळवळणाऱ्या.
कुठे जाणार?
संपतील तिथवर.
या नावाचा थांबा यादीत नव्हता.

एकाने आधी माहुल सांगितलं.
मी 'मा' लिहिला, तर म्हणाला, थांब, खोड.
तिथे ठेवलंय आम्हाला.
निघालोय विद्याविहारहून.
कधी?
सहा वर्षं झाली.
सुरुवातीच्या ठिकाणाला चौकट एकच असते,
इंचभर.

मेहबूब अली चावीवाला म्हणाला, मी कुठेच जात नाही.
लोकच येतात कुलपं घेऊन.
कुठे राहता? त्याने बोटाने टपरीच्या मागची शिडी दाखवली.
फेऱ्या शून्य, मी लिहिलं.
तो खूश झाला, म्हणाला, बरोबर.

आणि ती बाई, जांभळी छत्री, नाव सांगितलं नाही,
दर मंगळवारी आर्थर रोड.
कशासाठी?
तिने माझ्या पेनकडे पाहिलं.
वीस मिनिटांची भेट असते, म्हणाली, जायला दीड तास.
उद्देशांच्या यादीत तुरुंग नाही.
'सामाजिक भेट' आहे. त्यावर खूण केली.
तिकिटाचे किती द्याल?
तुम्ही म्हणाल तेवढे.
त्या चौकटीत फक्त आकडा चालतो.

पंधरवड्याने ऑफिसात इनामदार सरांनी नकाशा उघडला.
जिथून निघाले तिथून जिथे जायचं तिथवर
सरळ ओढलेल्या रेघा,
इमारतींवरून, खाडीवरून, मिठागरांवरून.
जितकी माणसं तितकी रेघ जाड.
यांना इच्छारेषा म्हणतात, सर म्हणाले,
एसीचं तापमान एक अंशाने कमी करत.
कुणी आणि कुठल्या दिवशी हे नाव ठेवलं असेल?
त्याला नक्की कुठेतरी जायचं असणार.

मी आर्थर रोडची रेघ शोधली.
पन्नासच्या खालच्या दाखवत नाही, सर म्हणाले.
सगळ्या काढल्या तर नकाशा काळा होतो,
वाचता येत नाही.

मार्गाचे तीन पर्याय : निळा, लाल, हिरवा.
निळ्याला तेलाची पाइपलाइन आडवी आली,
लाल एका शाळेच्या भिंतीला घासून गेला.
हिरवा तीन मीटर सरकवला तेव्हा जुळला,
आणि स्थानक क्रमांक सहा
बरोबर चावीवाल्याच्या टपरीवर बसलं.
बाधित व्यक्ती, प्रवासी फेऱ्या, असे दोन रकाने.
दुसऱ्यात माझ्याच अक्षरातलं शून्य.

शनिवारी गेले त्याच्याकडे. सांगायलाच गेले होते.
पण आधी कपाटाची चावी पुढे केली, एक जादा हवी म्हणून.
कानस चालवता चालवता त्यानेच विषय काढला.
ऐकलंय, इथे थांबा होणार?
मी हो म्हटलं.
मग तर बरंच, तो म्हणाला, माणसं उतरतील.
घाईत उतरणारा माणूस चावी हमखास हरवतो.

कानशीचा भुगा त्याने फुंकला.
चावी अजून गरम होती.
चाळीस रुपये झाले.
तेव्हा लक्षात आलं,
पाचवा प्रश्न याला विचारलाच नव्हता.