चाळणी

नववी ब च्या पालकसभेत
मी फळ्यावर नवा तक्ता काढला.
एक्क्याण्णवच्या वर अ-एक,
मग अ-दोन, ब-एक, ब-दोन, असं खाली खाली,
पस्तीसची जुनी वेस
आता तिसावर सरकलेली.

मालन शिंगाडे शेवटच्या बाकावर,
बेदाण्याच्या शेडवरून तशीच आलेली,
बोटांना गंधकाचा वास.
"आमच्यागतच की हे, सर," म्हणाली,
"चाळणी बदलली की ढीग बदलतोय.
दाणा त्योच."

सगळे हसले. मीपण.
तासगावात प्रतवारी कुणाला शिकवायची!

"मग आमचा बिरू?"
"गणितात बत्तीस. ड श्रेणी. पास."
तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.
"गेल्या साली थोरलीलाबी बत्तीसच हुते.
आता माझ्याशेजारीच बसती निवडाय.
हात लई चलाख हाय तिचा."

तक्रार नव्हती आवाजात.
सांगत होती नुसती.

सभा संपल्यावर कपाट उघडलं.
गेल्या वर्षीचं रजिस्टर, पान अठरा.
शिंगाडे रेश्मा बाळू.
बत्तीसभोवती लाल गोल,
गोल काढायची पद्धत
माझीच.