पालथा पाहुणा

अकराव्या मजल्यावरचा तो पाहुणा
सात दिवस पालथा होता.

डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला,
फाटलेला पडदा आतून दाबून धरायला.
बुडबुडा वर चढतो,
म्हणून माणसानं तोंड खाली ठेवायचं;
आणि तो विरेपर्यंत विमान नाही.
गाव सान हुलियान, पार दक्षिणेला,
बसनं दीड दिवस, तेही मान ताठ ठेवून.
मुलीनं माद्रिदहून खोली घेऊन दिली
ब्युनोस आयर्समधली, आमच्या हॉटेलातली, महागातली:
पप्पा, खिडकीतून नदी दिसते.

नदी दिसायची.
सेन्योरा एल्सिरा खिडकीशी उभी राहून सांगायची,
तपकिरी आहे. एक बोट आहे. गाळ काढतेय बहुतेक.
कालचीच?
कालचीच.

मी मिनीबार भरणारा.
रात्री दोनला कोण काय पितं
ते त्यांच्या बायकांआधी मला कळतं.
संगणकाच्या मते ११०८ मधल्या दोन म्हाताऱ्यांनी
पहिल्याच रात्री तीन व्हिस्की, दोन शॅम्पेन
आणि चौदा चॉकलेटं रिचवली होती.
जाऊन पाहतो तर
फ्रिजमध्ये डोळ्याचे थेंब, मेंढीचं उकडलेलं मटण,
कालाफातेच्या मुरंब्याची बरणी;
आणि आमच्या बाटल्या न्हाणीघरात
उंचीप्रमाणे ओळीनं,
जसा शाळेतल्या वर्गाचा फोटो.
नोंद खोडली. हे माझ्या हातात होतं.

दोन उशांच्या खाचेतून आवाज आला:
तुझ्या डाव्या बुटाचा तळ बदललाय.
स्वस्तात बदललास.
मी म्हटलं, हो सेन्योर.
आणि हा गालिचा लोकरीचा नाही.
चार आणे लोकर, बाकी प्लास्टिक.
चाळीस वर्षं लोकर निवडलीय मी,
तुमच्या मॅनेजरला सांग.
मॅनेजरला मी सांगितलं नाही.

दाराशी घुटमळून परत जाणारे टोकदार बूट
मॅनेजरचे, हेही त्यांनी ओळखलं होतं.
चादरी बदलणारी मिर्ता टाच घासत चालते,
तिला म्हणाले, गुडघा दाखव कुणाला तरी.
तिनं दाखवला. पाणी झालं होतं.
मग आम्ही सगळेच
काही ना काही निमित्तानं तिथं जायला लागलो,
पाय घेऊन.

तिसऱ्या दिवशी सेन्योरानं
दाढीचा आरसा भिंतीवरून उतरवला,
स्क्रू बशीत काढून ठेवले,
आरसा गालिच्यावर मांडला त्यांच्या डोळ्यांखाली.
आरसा भिंगाचा, सगळं तिप्पट दाखवणारा.
छत आलं त्यात, झुंबर आलं,
मग वाकून पाहणारी ती, उलटी.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
केस कधी कापलेस, म्हणाले.
मार्चमध्ये, म्हणाली ती.

आमच्याकडे गाद्या आहेत हंसाच्या पिसांच्या,
गच्चीवर पोहायचा तलाव,
न्याहारीला सतरा प्रकारचे पाव.
त्यातलं काहीएक त्या माणसानं पाहिलं नाही.
माते मात्र प्यायचे भरपूर,
पालथ्यानं, नळीतून. ती सोय बरी होती.

महिन्याच्या एकोणतीस तारखेला पगार झाला.
मी नवे बूट घेतले, चांगले, शिवलेले,
तळ चामड्याचा.
मनात होतं दाखवावे.

तीसला सकाळी ते लॉबीत उभे होते.
उभे!
माझ्यापेक्षा उंच निघाले.
एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी,
दुसऱ्यानं सगळीकडे पाहत होते,
झुंबर, फुलं, माणसं,
यात्रेत आलेल्या पोरासारखे.
मी म्हटलं, शुभ सकाळ सेन्योर ओयार्सून.
त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं,
अदबीनं, परक्याकडे पाहतात तसं.
मग नजर खाली गेली
माझ्या बुटांवर,
थांबली,
आणि पुढच्या माणसाच्या बुटांवर सरकली.

जुने बूट तळघरात होते, माझ्या कपाटात.
लिफ्टनं गेलो असतो तर चार मिनिटं.
टॅक्सी लागलेलीच होती.

दुपारी ११०८ ची मोजणी केली.
आरसा परत भिंतीवर, किंचित तिरका.
बाटल्या सगळ्या जागेवर, क्रम चुकलेला.
एक चॉकलेट कमी.
ते मात्र मी बिलात लावलं नाही,
पण वहीत लिहिलं.