कलम सात

ओतार पाचव्या मजल्यापर्यंत चालत आला.
लिफ्टच्या डब्यात टाकायला सुटं नाणं नव्हतं म्हणे,
किंवा असेलही, त्याला धाप हवी असेल
बोलायला सुरुवात करण्याआधी.
हातात आंबट आलुबुखाराच्या चटणीची बरणी.
बरणी पाहिली आणि मी ओळखलं :
घरमालक रिकाम्या हाताने येतो तेव्हा नळ बघायला येतो,
भरल्या हाताने येतो तेव्हा काहीतरी न्यायला.

"त्सियाला," तो म्हणाला, "खालच्या मजल्यावर
उत्तरेकडून आलेली पोरं तिप्पट देतात.
डॉलरमध्ये. घासाघीस न करता.
मी फक्त दुप्पट म्हणतोय.
तू काही परकी नाहीस."

मी चहा टाकला. मग कपाटातून करार काढला.
तीन पानं, दोन वर्षं, दोन सह्या,
त्याच्या सहीचं शेपूट पानाबाहेर गेलेलं.
सत्तावीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली,
तिबिलिसीतल्या अर्ध्या पुस्तकांतले चुकार स्वल्पविराम वेचले
तांदळातल्या खड्यांसारखे.
कलम सात मी चष्म्याशिवाय वाचते :
'मुदत संपेपर्यंत भाडे तेच राहील.'
राहील.
राहू शकेल नव्हे, शक्यतो राहील नव्हे.
क्रियापद दारात उभं आहे, चौकटीला आडवा हात लावून.

"पण लिहिलं तेव्हा शहर वेगळं होतं."
"शहर करारात नाही," मी म्हणाले.
"करारात काय आहे ते यादीत आहे :
पलंग एक, खुर्च्या चार, त्यांतली एक डुगडुगती,
बाल्कनीची काच तडकलेली,
भिंतीवरचं घड्याळ, एक, बंद."

आणि नेमका तेव्हाच
त्या घड्याळाने साडेपाचचा टोला दिला.

ओतारने मान वर केली.
त्याच्या आईचं घड्याळ. ती गेली त्या आठवड्यात थांबलेलं,
किल्ली देताना त्यानेच सांगितलं होतं मला.
मागच्या हिवाळ्यात, वीज गेलेल्या एका रात्री,
मी ते मेणबत्तीपाशी उघडलं, शिलाई मशीनचं तेल घातलं.
कुणाला विचारावं असं मनातही आलं नव्हतं.

बराच वेळ तो लंबकाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, रागाने नाही,
"बंद लिहिलंय ना?
तू बदललंस ते चालतं,
आणि मी एक आकडा..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं.
मला उत्तर माहीत होतं.
दुरुस्ती म्हणजे भाडेवाढ नव्हे,
कुठलाही वकील चहाच्या दोन घोटांत सांगेल.
पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या मी,
आणि ही रेघ माझ्या ओळीखाली होती.

मी उठले. घड्याळाचं दार उघडलं,
दोन बोटांनी लंबक धरला.
खोली एकदम जुनी झाली.
"घे," मी म्हणाले, "आता सगळं लिहिल्याप्रमाणे."

चहा निवला. खाली कुणीतरी
लिफ्टमध्ये नाणं टाकलं, ते पडल्याचा आवाज
आमच्यापर्यंत आला.

ओतार उठला, तशी खुर्ची डुगडुगली, त्याच्या वाट्याला तीच आली होती.
माझा हात त्याने बाजूला केला
आणि लंबकाला, झोपाळ्यावरच्या मुलाला देतात तसा,
हलका धक्का दिला.
"राहू दे," म्हणाला. "ती सातला जेवायची."

भाड्याचं पुन्हा बोलला नाही.
जिन्यात थांबून विचारलं मात्र, "मुदत कधी संपते?"
"एकतीस ऑक्टोबर."
"ऑक्टोबर," तो म्हणाला, जणू तो एखादा माणूस आहे
आणि आम्हा दोघांनाही त्याचे पैसे द्यायचे आहेत.

बरणी ओट्यावर आहे. अजून उघडली नाही.
रात्री करार पुन्हा काढला,
यादीतल्या 'बंद' या शब्दावर
पेन्सिलीने, पुसता येईल अशी, एक रेघ मारली
आणि समासात जागा सोडली,
दोन छोट्या सह्या मावतील एवढी.